कनपटीची नस

आमच्या समाजात, आणि खरे तर सगळ्याच समाजांत, घरातल्या बाईचे डोके दुखणे ही बातमी होत नाही. बाम चोळला जातो, ओढणी कपाळावर घट्ट बांधली जाते, एखादी गोळी चहाबरोबर घेतली जाते आणि बाई पुन्हा कणकेच्या परातीपुढे बसते. म्हातारीचे डोके दुखणे तर त्याहून क्षुल्लक. वयाबरोबर दुखणी यायचीच, असे म्हणून सारे मोकळे होतात. या समजुतीची किंमत आमच्या घराने एका डोळ्याने चुकवली आहे. दुसरा डोळा वाचला, तो कसा वाचला हे सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. उर्दू पुस्तकात हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीला ‘शिरयान’ म्हणतात, परत आणणाऱ्या वाहिनीला ‘वरीद’. मराठीत धमनी आणि शीर. मज्जातंतूला उर्दूत ‘असब’. फळ्यावर मी तिन्ही वेगवेगळ्या रंगांच्या खडूने काढते. पण शाळा सुटली, मुली घरी गेल्या की तिन्हींचे नाव एकच, ‘नस’. पाय मुरगळला तर नस चढते, मान आखडली तर नस दबते, लकवा झाला तर नस मारते. एकाच शब्दात सगळे कोंबले की कोणती वाहिनी बिघडली आहे हा प्रश्नच उरत नाही. माझ्या फुफीच्या कनपटीवरची ‘नस’ फुगली तेव्हा नेमके हेच झाले.

फुफी म्हणजे माझ्या अब्बांची मोठी बहीण. ऐन तारुण्यात बेवा झाली आणि भावाच्या घरी, सोलापूरला आली. चाळीस वर्षे तिने विड्या वळल्या. माझ्या बी.एड.ची फी त्या विड्यांच्या पैशांतून भरली गेली. अलिफ-बे तिनेच गिरवून घेतले. कुरआन शरीफ मी तिच्याच मांडीला मांडी लावून पूर्ण केले. आयुष्यात तिने डोके दुखते अशी तक्रार केल्याचे कुणाला आठवत नाही.

2022 च्या पावसाळ्यात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तिची उजवी कनपटी दुखू लागली. दर शुक्रवारी मी तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालत असे. एका शुक्रवारी कंगवा लागताच ती कळवळली. “नक्को गे, कंगी नक्को फिरा,” म्हणाली. केसांच्या मुळांशी हात लावला तरी सोसवेना. बुरख्याची पट्टी कानशिलावरून जाई, तेवढाही दाब नकोसा झाला. उजव्या कुशीवर झोपणे बंद झाले.

मी तिला दवाखान्यात नेले. रक्तदाब थोडा वाढलेला होता, त्याची गोळी मिळाली. कुणी सायनस म्हणाले, कुणी मानेच्या मणक्याची नस दबली म्हणाले. नंतर जबडा दुखू लागला. भाकरी चार-पाच घास चावली की गाल भरून येई, थांबली की बरे वाटे, पुन्हा चावू लागली की पुन्हा दुखे. फुफी भाकरी रश्श्यात कुस्करून खाऊ लागली. दाताच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली. दुखणे तसेच राहिले. वजन उतरू लागले. संध्याकाळी अंगात बारीक ताप असे. सकाळी उठल्यावर खांदे आणि मांड्या इतक्या आखडलेल्या असत की नमाजची नीयत बांधताना खांद्यापर्यंत हात उचलायलाही तिला त्रास होई. कुणी म्हणाले वाताचा प्रकोप, कुणी म्हणाले नजर लागली. पानावर दम केलेले पाणीही आले. फुफीने तेही श्रद्धेने घेतले. दुआवर माझाही विश्वास आहे. पण दुआ मागणाऱ्याने दवा शोधू नये असे आपल्याला कुणी शिकवलेले नाही.

कनपटी, केस, जबडा, खांदे, ताप, वजन. सहा तक्रारी सहा ठिकाणी सांगितल्या गेल्या. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला. सगळे तुकडे एका माळेचे मणी आहेत हे कुणाच्या लक्षात आले नाही.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी वुजू करताना उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरल्यासारखे झाले. पाच-सात मिनिटांत पडदा वर गेला. फुफीने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. चक्कर आली असेल, असे तिने मनाशी ठरवले. तिसऱ्या दिवशी फजरला उठली तेव्हा उजवा डोळा संपला होता. दिव्याचा उजेडही कळत नव्हता. डोळा लाल नाही, दुखत नाही, बाहेरून अगदी चांगला. आत मात्र अंधार.

त्या दिवशी आम्ही तिला नेत्ररोगाच्या तरुण डॉक्टर मॅडमकडे नेले. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, बाहुली मोठी झाल्यावर बराच वेळ आत पाहिले. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी डोळ्याविषयी नव्हे, भलतेच प्रश्न विचारले. “आजी, घास चावताना जबडा दुखतो का? केस विंचरताना डोके दुखते का? सकाळी खांदे धरतात का?” फुफी माझ्याकडे पाहू लागली. जणू या बाईंना आमच्या घरातले कुणी आधीच सगळे सांगून गेले होते. मॅडमनी बोटाने कनपटी चाचपली. तिथली धमनी दोरीसारखी जाड, कडक लागत होती आणि तिच्यात ठोका जवळजवळ नव्हता.

त्यांनी कागदावर नाव लिहून दिले, जायंट सेल आर्टरायटिस. मराठीत सांगायचे तर महापेशी-धमनीदाह. मी विज्ञान शिकवते, पण हे नाव मी कधी ऐकले नव्हते. मॅडमनी समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या शरीराची संरक्षक फौज जंतूंशी लढण्यासाठी असते. काही माणसांत, पन्नाशी उलटल्यावर आणि बहुतेकदा सत्तरीच्या आसपास, ती मोठ्या आणि मध्यम धमन्यांच्या भिंतीवरच चाल करून जाते. असे का होते याचे पुरते उत्तर मिळालेले नाही. भिंत सुजते, जाड होते, आतली वाट अरुंद होत जाते. फौजेतल्या काही पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या प्रचंड पेशी बनतात, त्यावरून हे नाव. कनपटीची धमनी सुजली की डोके दुखते आणि टाळू हुळहुळी होते. जबड्याच्या स्नायूंना चावताना जादा रक्त लागते, ते अरुंद वाटेने पोचत नाही, म्हणून घास चावताना दुखते आणि थांबले की राहते. खांदे-मांड्यांचा आखडलेपणा या आजाराचा जोडीदार. त्याला पॉलिमायल्जिया रुमॅटिका म्हणतात. या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना तोही असतो. आणि डोळ्यामागच्या बारीक धमन्या बंद पडल्या की दृष्टीच्या मज्जातंतूचे रक्त तुटते. फुफीच्या डोळ्यात या मज्जातंतूचे टोक सुजून खडूसारखे पांढरे पडले होते. मेलेला मज्जातंतू पुन्हा जिवंत होत नाही.

“उजवा डोळा परत येण्याची आशा मी देणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण डावा वाचवायचा आहे आणि त्यासाठी आपल्याकडे दिवस नाहीत, तास आहेत.” उपचार झाला नाही तर बऱ्याच रुग्णांचा दुसरा डोळाही काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो. म्हणून तपासण्यांचे निकाल येण्याची वाट पाहायची नसते. रक्त काढले आणि त्याच संध्याकाळी दवाखान्यात दाखल करून मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून सुरू केले, रोज एक ग्रॅम, तीन दिवस. रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. ईएसआर 108. तिच्या वयाच्या बाईचा तो चाळीसच्या आत असायला हवा. सीआरपी आणि प्लेटलेट्सही वाढलेल्या. ईएसआर ही आपल्याकडे कोणत्याही छोट्या गावात होणारी, अगदी स्वस्त तपासणी. ती एकटी या आजाराचा पुरावा ठरत नाही, क्षयापासून कर्करोगापर्यंत अनेक कारणांनी ती वाढते. पण साठीच्या बाईला नवी डोकेदुखी आणि वाढलेला ईएसआर, एवढ्यावर कुणीतरी थबकायला हवे.

पाचव्या दिवशी कनपटीची बायोप्सी झाली. नुसती जागा बधिर करून, केसांच्या कडेला छोटा छेद घेऊन धमनीचा दीड सेंटीमीटर तुकडा काढला. स्टेरॉईड सुरू केल्यावरही एक-दोन आठवडे सूज ओळखता येते, म्हणून बायोप्सीसाठी औषध रोखून धरायचे नसते. सूज धमनीभर सलग नसते, मध्ये मध्ये चांगले भाग असतात, त्यामुळे तुकडा पुरेसा लांब हवा. एवढे करूनही तो निर्दोष निघाला म्हणजे आजार नाही असे होत नाही. फुफीच्या तुकड्यात सूज होती, भिंतीतला लवचीक पापुद्रा तुटलेला होता आणि त्या महापेशीही होत्या. आता मोठ्या शहरांत हे निदान सोनोग्राफीनेही करतात. सुजलेल्या धमनीभोवती काळे कडे दिसते. बर्लिनच्या डॉक्टरांनी 1997 मध्ये ही खूण जगापुढे ठळकपणे मांडली. पण त्यासाठी यंत्र चांगले आणि हात सरावलेला लागतो.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मला एकच प्रश्न छळत होता. इतक्या जणांना कसे कळले नाही? नंतर वाचत गेले तसे उत्तर मिळाले, आणि राग थोडा निवळला. हा आजार उत्तर युरोपात, विशेषतः नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत जास्त आढळतो. बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट होतो. आपल्या देशात तो विरळाच नोंदवला जातो. आपल्या डॉक्टरांना त्याचीच बहीण शोभेल अशी ताकायासू आर्टरायटिस जास्त परिचयाची. ती तरुण मुलींना होते आणि तिचे नाव 1908 मध्ये तिची नोंद करणाऱ्या जपानी नेत्रवैद्यावरून पडले. जे क्वचित दिसते ते डोळ्यांसमोर असूनही सुचत नाही. विरळ आजार झालेल्या माणसाला मात्र तो शंभर टक्के झालेला असतो.

इतिहास वाचताना एक नाव भेटले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. दहाव्या-अकराव्या शतकात बगदादमध्ये अली इब्न ईसा नावाचे नेत्रवैद्य होऊन गेले. लोक त्यांना ‘अल-कह्हाल’ म्हणत. कुहल म्हणजे सुरमा, आणि सुरमा घालणारा तो कह्हाल, म्हणजेच डोळ्यांचा वैद्य. त्यांच्या ‘तज़किरतुल कह्हालीन’ या ग्रंथात सुमारे एकशे तीस नेत्ररोगांचे वर्णन आहे आणि युरोपातही तो शतकानुशतके वाचला गेला. कनपटीच्या धमन्या आणि डोळ्यांचे विकार यांचा संबंध त्यात जोडलेला आहे, आणि काही रुग्णांत त्या धमन्या कापण्याचा सल्लाही आहे. म्हणून या आजाराचा इतिहास लिहिणारे आजचे डॉक्टर सुरुवात त्यांच्यापासून करतात. पण म्हणून आपल्या पूर्वजांना सारे काही आधीच ठाऊक होते अशी शेखी मिरवण्याचे कारण नाही. धमनीच्या भिंतीत काय बिघडते हे पाहायला त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. मला त्यांच्यापासून घ्यावीशी वाटते ती नजर. डोळा बिघडला म्हणून त्यांनी फक्त डोळ्यातच पाहिले नाही, कनपटीवर बोट ठेवले. आमच्या तरुण मॅडमनीही तेच केले.

पुढे 1890 मध्ये लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी एका वृद्धाची हकिगत लिहिली. त्याच्या डोक्यावर धमन्यांच्या रेषा लाल होऊन सुजल्या होत्या आणि त्याला टोपी घालवत नव्हती. ते वाचले तेव्हा फुफीच्या बुरख्याची पट्टी आठवली. देश, काळ, पोशाख वेगळे, दुखणे तेच. 1932 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णांच्या धमनीचा तुकडा तपासून या आजाराचे चित्र स्पष्ट केले. औषध मात्र तेव्हा नव्हते. त्याच संस्थेत 1948 मध्ये सांधेदुखीच्या एका रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन दिले गेले, त्या शोधाला 1950 चे नोबेल मिळाले, आणि नंतरच्या वर्षांत तेच औषध या रुग्णांचे डोळे वाचवू लागले.

डोकेदुखी दोन दिवसांत गेली. चौथ्या दिवशी फुफीने चपातीचा घास चावून खाल्ला आणि स्वतःच चकित झाली. अवघड काळ त्यानंतर सुरू झाला. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या रोज 60 मिलिग्रॅमपासून सुरू झाल्या. त्या महिन्यामहिन्याने हळूहळू कमी करत न्यायच्या होत्या, दीड-दोन वर्षे. आणि मोहल्ल्यात ‘स्टेरॉईड’ हा शब्द पोचला. जो येई तो घाबरवून जाई. हाडे झिजतात, साखर वाढते, तोंड सुजते, बंद करा. यातले खोटे काहीच नव्हते. फुफीचा चेहरा गोल झाला, झोप उडाली, साखर वाढली आणि तिच्या गोळ्या सुरू झाल्या. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची एक गोळी आली. ती घेतल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे नसते. छातीचा फोटो काढून क्षय नाही ना हेही आधी पाहिले होते, कारण आपल्या देशात दबलेला क्षय स्टेरॉईडने डोके वर काढू शकतो. पण लोक अर्धेच सांगत होते. औषध बंद केले तर डावा डोळा जाईल, हे कुणी सांगत नव्हते. शिवाय इतके दिवस बाहेरून स्टेरॉईड मिळाले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचे संप्रेरक बनवणे मंदावतात. एकदम गोळी सोडली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. मी एका मोठ्या कागदावर तारखा आणि गोळ्यांची संख्या उर्दूत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवली. फुफी रोज एका डोळ्याने ती वाचून खूण करायची.

2023 च्या रमजानमध्ये पेच आला. फुफीचा रोजा वयाच्या नवव्या वर्षापासून चुकलेला नव्हता. सेहरीला गोळी घेईन आणि रोजा ठेवीन, असा तिचा हट्ट. डॉक्टरांनी साखर, औषधाची मात्रा आणि उन्हाळा पाहून नको म्हटले. घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी अब्बा तिच्यापुढे बसून म्हणाले, “आपा, आजाऱ्याला सवलत अल्लाहने स्वतः दिली आहे. ती नाकारून आपण त्याच्यापेक्षा जास्त दीनदार ठरणार का?” फुफी रडली. मग तिने फिदिया काढून ठेवायला सांगितले आणि सगळ्यांच्या सेहरीला उठून चहा करण्याचे काम स्वतःकडे घेतले.

वर्षभराने गोळी कमी करताना डोकेदुखी एकदा परतली. ईएसआर वाढला, मात्रा पुन्हा वाढवावी लागली. असे अनेकांचे होते. तेव्हा डॉक्टरांनी टोसिलिझुमॅब या इंजेक्शनविषयी सांगितले. 251 रुग्णांवरच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर आठवड्याला ते घेणाऱ्यांपैकी 56 टक्के वर्षअखेर स्टेरॉईडशिवाय आजारमुक्त होते. सहा महिन्यांत नुसते स्टेरॉईड कमी करत नेलेल्यांत हे प्रमाण 14 टक्के होते. 2025 मध्ये अमेरिका आणि युरोपात उपाडॅसिटिनिब या गोळीलाही या आजारासाठी मंजुरी मिळाली. ही औषधे महाग आहेत, संसर्गाची भीतीही असते. फुफीला त्यांची गरज पडली नाही. थोडी मात्रा वाढवून आजार पुन्हा आवाक्यात आला आणि 2024 च्या अखेरीस शेवटची गोळी संपली. तरी अधूनमधून रक्त तपासावे लागते, कारण मोठ्या धमन्यांत, अगदी महाधमनीतही हा दाह पुढे काही वर्षांनी उपद्रव देऊ शकतो.

हिशेब केला तेव्हा लक्षात आले, डोळा वाचवणाऱ्या गोळ्या अतिशय स्वस्त होत्या. एका दिवसाच्या गोळ्या चहा-बिस्किटाच्या किमतीत येत. महाग पडले ते न सांगणे आणि न ऐकणे. फुफी पडद्याविषयी बोलली नाही, कारण आपले दुखणे सांगणे म्हणजे भावाच्या घराला भार होणे, असे तिने आयुष्यभर मानले. ज्या बाईने चाळीस वर्षे घर ओढले तिला आपल्या डोळ्यावर हक्क सांगण्याचा संकोच वाटावा, ही गोष्ट मला आजाराहून जास्त बोचते. ती तिच्या एकटीच्या स्वभावाची नाही. आपण आपल्या मुलींना ‘सबर’ शिकवतो तेव्हा सोसणे आणि लपवणे यांतला फरक शिकवत नाही.

म्हणून वाचक बहीण-भावांना एवढेच सांगणे. घरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे डोके पूर्वी कधी नव्हते असे दुखू लागले, केस विंचरताना टाळू दुखली, घास चावताना जबडा भरून आला, सकाळी खांदे उचलेनात, तर या गोष्टी एकाच डॉक्टरांना एकत्र सांगा. एकेक करून चार ठिकाणी सांगू नका. ईएसआर आणि सीआरपी तपासता येईल का, असे विचारा. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आणि डोळ्यापुढे क्षणभर जरी पडदा आला, एकाची दोन चित्रे दिसली, तरी उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी निघा, रात्र असली तरी निघा.

मागच्या वर्षी दहावीच्या वर्गात रक्ताभिसरण शिकवताना मी मुलींना एक घरचा अभ्यास दिला. आपल्या दादी-नानीजवळ बसायचे आणि त्यांना कुठे काय दुखते ते वहीत लिहून आणायचे, औषध सांगायचे नाही, फक्त लिहायचे. चाळीस वह्या आल्या. एका मुलीने लिहिले होते, दादी म्हणाली, हे मला आजवर कुणी विचारले नव्हते. ती वही मी परत दिली नाही, माझ्याजवळ ठेवून घेतली आहे.